एकसंध ध्वनियंत्र घ्यावे की सुटे घटक जोडावेत?

निवांतश्रोता (प्रश्न)

अकरा वर्षे वापरलेल्या माझ्या एकसंध संगीतयंत्राने गेल्या महिन्यात राम म्हटला आणि त्याच्या जागी काय आणावे, या विचारात मी अडकलो आहे. सीडी, रेडिओ, यूएसबी, नेटवर्कवरचे संगीत आणि ॲम्प्लिफायर हे सारे एका पेटीत, आणि सोबत त्याच कंपनीचे दोन स्पीकर, असे त्याचे स्वरूप होते. खरे तर ते एका दिवसात गेले नाही, टप्प्याटप्प्याने गेले. आधी कंपनीने त्या मॉडेलच्या ॲपला अद्यतने देणे थांबवले, त्यामुळे नेटवर्कचा भाग मुका झाला. मग सीडीचा ट्रे अर्ध्यावर अडकू लागला. शेवटी समोरचा डिस्प्ले काळा पडला, आणि इनपुट निवडण्यापासून आवाज कमीजास्त करण्यापर्यंत सगळे त्या डिस्प्लेवरच्या मेन्यूतून चालत असल्याने उरलेले यंत्रही निरुपयोगी ठरले. दुरुस्ती करणाऱ्याने पेटी उघडून सांगितले की ॲम्प्लिफायर ठणठणीत आहे, मात्र समोरचा बोर्ड आता कुठेच मिळत नाही. चांगला ॲम्प्लिफायर केवळ एका काळ्या पडलेल्या काचेपायी टाकून द्यायचा, हे मनाला पटत नाही.

आता पुन्हा तसेच नवे यंत्र घ्यावे, की ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि संगीत पुरवणारी साधने वेगवेगळी घ्यावीत? खोली मध्यम आहे, साधारण ४ मीटर बाय साडेतीन मीटर. बसण्याची जागा स्पीकरपासून अडीच मीटरवर आहे. रोज दोन-तीन तास ऐकणे होते, बहुतेक इंटरनेटवरून. दोनेकशे सीडी आहेत आणि कधीमधी टीव्हीचा आवाजही त्यावर घ्यायचा असतो. खर्च एकदाच करायचा आहे आणि तो बेताचाच आहे, म्हणून आवाजाच्या बारकाव्यांइतकेच टिकाऊपणालाही माझ्या लेखी महत्त्व आहे. घरात वायरींचे जंजाळ कुणालाच नको आहे, हेही सांगून ठेवतो.

डागकाम

जुनी ध्वनियंत्रे उघडून पुन्हा बोलती करण्याचा नाद मला वीसेक वर्षांपासून आहे आणि तुमच्यासारखीच कहाणी माझ्या टेबलावर वारंवार येते. माझे म्हणणे असे, की पेट्या किती, हे मोजण्याआधी त्यांतल्या प्रत्येक भागाचे आयुष्य वेगवेगळे मोजावे.

सर्वांत दीर्घायुषी असतो तो साधा स्पीकर, म्हणजे ज्याच्या पोटात ॲम्प्लिफायर नाही असा. त्यात झिजण्यासारखे फार थोडे असते. कोनाच्या, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याच्या, कडेला फोमची पट्टी असेल, तर ती साधारण १५ ते २० वर्षांत भुसभुशीत होते आणि बोट लावताच गळून पडते. रबराची कड त्याहून पुष्कळच जास्त टिकते. फोम गेला तरी कडेची नवी पट्टी चिकटवणे हे एका संध्याकाळचे काम आहे.

त्याखालोखाल ॲम्प्लिफायर. त्यात वय दाखवणारा मुख्य भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून धरणारा डबीसारखा भाग, आणि त्याचा शत्रू म्हणजे उष्णता. ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य दुप्पट होते. समजा, कपॅसिटरवर १०५ अंश सेल्सिअसला २००० तास असे छापले आहे. तोच ६५ अंशांवर राहिला तर हिशेब ३२,००० तासांवर जातो, म्हणजे रोज चार तास धरले तर वीस वर्षांच्या पुढे. याउलट, तो दिवसाचे चोवीस तास स्टँडबायवर तापत राहिला, तर तेच तास कितीतरी आधी संपतात. आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर, स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे काळवंडलेले संपर्क, सुटलेला डाग (सोल्डरचा सांधा), हे ॲम्प्लिफायरचे बाकीचे नेहमीचे आजार. यांतला एकही असाध्य नाही, कारण लागणारे सुटे भाग कुठल्या एका कंपनीचे नसतात. तीस वर्षांपूर्वीच्या ॲम्प्लिफायरमधल्या कपॅसिटरची जोड आजही मिळते ती यामुळेच. त्यावर मॉडेलचे नाव नसते, फक्त मायक्रोफॅरॅड आणि व्होल्ट छापलेले असतात.

सीडीप्लेअरचे तसे नाही. त्याचा रबरी पट्टा ढिला होतो किंवा चिकट होतो, तो बदलता येतो. तुमच्या ट्रेचे दुखणे बहुधा तेवढेच असावे. लेसरची लेन्स मात्र त्या-त्या यंत्रणेची ठरलेली असते आणि ती मिळाली नाही की खेळ संपला.

नेटवर्कचा भाग सर्वांत अल्पायुषी, आणि त्याचे मरण त्याच्या स्वतःच्या हाती नसते. ज्याला चालण्यासाठी दुसऱ्याच्या सर्व्हरची परवानगी लागते, त्याचे आयुष्य तो दुसरा ठरवतो. नेटवर्कवरचे स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने २०२० च्या जानेवारीत आपल्या काही जुन्या उपकरणांना त्या वर्षीच्या मे महिन्यापासून नवी अद्यतने मिळणार नाहीत असे जाहीर केले, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. ती उपकरणे बिघडलेली नव्हती, हे लक्षात घ्या. उलट उदाहरणही आहे. लॉजिटेकने नेटवर्कवरून संगीत वाजवणाऱ्या स्क्वीझबॉक्स यंत्रांची मालिका २०१२ मध्ये बंद केली, पण तिचे सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारे, असल्यामुळे वापरणाऱ्यांनी ते स्वतःच पुढे चालू ठेवले.

आता स्पीकर सोडून बाकीचे भाग एका पेटीत कोंबले तर काय होते, ते तुमच्या यंत्राने दाखवलेच आहे. सर्वांत आधी जाणारा भाग सगळ्यांचे आयुष्य ठरवतो. मागच्याच महिन्यात मी अशी एक पेटी उघडली. वीजपुरवठ्याचे दोन कपॅसिटर ॲम्प्लिफायरच्या उष्णताशोषकाला अक्षरशः टेकून बसवलेले होते. त्यांची वरची बाजू फुगून आली होती आणि खालचा बोर्ड भाजल्यासारखा तपकिरी झाला होता. मांडणी करणाऱ्याला जागा पुरली नसणार, एवढाच त्याचा अर्थ. मोकळ्या पेटीत तेच दोन कपॅसिटर चार बोटे दूर बसवता आले असते.

एकचपेटी

वरचे विवेचन वाचून सुटे घटक म्हणजे शहाणपण आणि एकसंध यंत्र म्हणजे फसवणूक, असा समज होऊ नये म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. हे मी दोन्हींचा संसार केल्यावर लिहितो आहे.

माझ्याकडे चार पेट्यांची मांडणी होती: प्रीॲम्प्लिफायर (इनपुट निवडणारा आणि आवाज कमीजास्त करणारा), पॉवर ॲम्प्लिफायर (स्पीकर चालवणारा), सीडीप्लेअर आणि डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर (डिजिटल संकेत ॲनालॉग करणारा). तीन रिमोट होते. टीव्ही जोडला की स्पीकरमधून एक बारीक घूं असा आवाज येऊ लागे, आणि तो कुठल्या अर्थिंगमुळे येतो हे शोधण्यात माझे कित्येक रविवार गेले. माझ्याखेरीज घरातले कुणीही त्या मांडणीला हात लावत नसे, कारण कुठले बटण आधी दाबायचे हे कुणाच्या लक्षात राहात नसे. शेवटी ते सगळे विकून एकसंध यंत्र घेतले, त्याला सहा वर्षे झाली. आता घरात पूर्वीच्या तिप्पट वेळ संगीत वाजते. पैशाचे मोल मोजायचे तर ऐकलेल्या तासांनी भागून मोजावे, असे मला वाटते. कपाटात शोभेला ठेवलेले यंत्र चाळीस वर्षे टिकले तरी त्याचा काय उपयोग?

दुसरे असे, की प्रत्येक सुट्या घटकाला स्वतःची धातूची पेटी, स्वतःचा वीजपुरवठा, स्वतःची सॉकेट आणि स्वतःचे वेष्टन लागते. खर्च बेताचा असेल तर त्याचा मोठा हिस्सा पत्र्यावर आणि खोक्यांवर जातो. तोच पैसा एका पेटीत घातला तर आतल्या भागांवर अधिक खर्च करता येतो. चार स्वस्त पेट्या एका बऱ्या पेटीपेक्षा वाईट वाजू शकतात; मी त्या ऐकल्या आहेत.

तिसरा मुद्दा तांत्रिक आहे. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर एकत्र बनवले, तर अभियंत्याला नेमके ठाऊक असते की हा ॲम्प्लिफायर स्पीकरमधल्या याच ड्रायव्हरला (प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या कोनाला) हलवणार आहे. उंच आणि खालचे सूर वेगळे करण्याचे काम मग ॲम्प्लिफायरच्या आधीच, कमी शक्तीच्या संकेतावर करता येते, प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र ॲम्प्लिफायर देता येतो, छोट्या पेटीचा उणा पडणारा खर्ज डिजिटल प्रक्रियेने उचलता येतो आणि ड्रायव्हर फाटण्याआधी आवाजाला लगामही घालता येतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या स्टुडिओत अशा सक्रिय स्पीकरांचाच सर्रास वापर होतो, तो काही सोयीपुरता नव्हे.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र डागकाम यांचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. माझे यंत्र उद्या बंद पडले तर मी काय करीन, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

मंद्रसप्तक

दोघांचेही म्हणणे खरे आहे, पण निवांतश्रोता यांना खरा निर्णय घ्यायचा आहे तो जोड नेमकी कुठे ठेवायची याचा. चार पेट्या नकोत आणि सगळे एकाच पेटीतही नको. जे हळू म्हातारे होते ते एका बाजूला आणि जे झपाट्याने कालबाह्य होते ते दुसऱ्या बाजूला, आणि मधे एक साधे, सर्वमान्य सॉकेट. लाल-पांढऱ्या टोकांचे आरसीए सॉकेट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आले आहे आणि आजच्या यंत्रातही तसेच बसते. प्रकाशावर चालणारी ऑप्टिकल जोडणी तोशिबाने १९८३ मध्ये आणली, तीही आज टीव्हीच्या पाठीमागे सापडते. याउलट एचडीएमआयचे पाहा. पहिली आवृत्ती २००२ ची, आवाज टीव्हीकडून उलट घेण्याची सोय २००९ च्या १.४ आवृत्तीत आली आणि तिची सुधारित रीत २०१७ च्या २.१ मध्ये. म्हणून टीव्हीचे चित्रही एचडीएमआयने आपल्यातून नेणारे आणि अनेक स्पीकर चालवणारे होम थिएटर रिसीव्हर हे दिसायला सुटे घटक असले तरी स्वभावाने एकसंध यंत्रच असतात. त्यांचा ॲम्प्लिफायर शाबूत असतानाच चित्राचा बोर्ड जुना होतो. तुम्हाला दोनच स्पीकर हवे आहेत, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

पेट्यांच्या संख्येला भिणाऱ्यांसाठी सरळ उपाय म्हणजे इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर. प्रीॲम्प्लिफायर आणि पॉवर ॲम्प्लिफायर एकत्र असण्यात टिकाऊपणाच्या दृष्टीने काहीच गमवावे लागत नाही, कारण दोघांचे वय सारखेच असते. त्याला ऑप्टिकल इनपुट असेल तर टीव्ही थेट जोडता येतो आणि तोही तांब्याची तार न घालता, त्यामुळे एकचपेटी यांना छळणारा तो घूं आवाजही त्या वाटेने येत नाही. नेटवर्कवरचे संगीत घेण्यासाठी तळहातावर मावेल एवढा स्ट्रीमर वेगळा घ्यावा आणि तो फार महाग घेऊ नये. गूगलचे क्रोमकास्ट ऑडिओ हे चकतीच्या आकाराचे छोटे स्ट्रीमर-यंत्र २०१५ मध्ये आले आणि २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबलेसुद्धा. पण ज्यांनी ते ॲम्प्लिफायरला जोडले होते, त्यांच्यावर फार तर एक चकती बदलण्याची वेळ आली.

शक्तीच्या आकड्यांना भुलू नका, हे मुद्दाम सांगतो. समजा, स्पीकरची संवेदनक्षमता एक वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल आहे. अडीच मीटरवर मोकळ्या जागेत त्यातले साधारण ८ डेसिबल कमी होतात, दुसऱ्या स्पीकरमुळे ३ परत मिळतात आणि भिंतीही थोडी मदत करतात. म्हणजे एका वॅटवर तुमच्या कानाशी निदान ८१ डेसिबल येतात. घरात निवांत ऐकण्याची पातळी ७५ धरली, तर पाव वॅट पुरतो. एखाद्या वाद्यमेळाचा कडकडाट ९५ डेसिबलपर्यंत गेला, तरी प्रत्येक बाजूला २५ वॅट पुरेसे आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला नॅड ३०२० हा ॲम्प्लिफायर कागदावर अवघा २० वॅटचा होता, आणि त्याचे नाव आजही घेतले जाते. तुमच्या खोलीत १०० वॅटचा आकडा खोक्यावरच शोभेल.

पैशाची वाटणी माझ्या मते अशी करावी: निम्मा स्पीकरवर, एक तृतीयांशाच्या आसपास ॲम्प्लिफायरवर, उरलेला स्ट्रीमर आणि तारांवर. खोलीत आवाज कसा उमटतो यावर स्पीकरइतका परिणाम दुसऱ्या कशाचा होत नाही, आणि डागकाम यांच्या हिशेबाने टिकणारही तेच सर्वांत जास्त आहेत.

डागकाम

वाटणी बरोबर आहे. फक्त एक इशारा द्यावासा वाटतो, कारण यात पुष्कळजण फसतात. सुट्या घटकांसारखी दिसणारी पण आतून एकसंध असलेली यंत्रे पूर्वी खूप निघत. एकावर एक रचलेले चार मजले, प्रत्येकावर वेगळे नाव, आणि मागे पाहावे तर रुंद चपट्या केबलने सगळे एकमेकांना बांधलेले. वीजपुरवठा असतो एकाच मजल्यात. वरचा मजला काढला की खालचा चालू होत नाही. वापरलेली वस्तू घेणार असाल तर समोरून पाहू नका. पाठ फिरवा, प्रत्येक मजल्याला स्वतःची वीजतार आणि सामान्य सॉकेट आहेत का ते बघा.

निवांतश्रोता

सर्वांचे आभार. एकचपेटी यांनी सक्रिय स्पीकरांचा उल्लेख केला, त्यावरून विचारतो: दोन सक्रिय स्पीकर आणि एक छोटा स्ट्रीमर, एवढ्यात भागणार नाही का? वायरी कमी होतील आणि नेटवर्कचा भागही वेगळा राहील. दुसरे, माझ्या जुन्या यंत्राचे स्पीकर तसे बरे वाजत असत, पण त्यांच्या तारेच्या टोकाला त्या कंपनीचाच खास प्लग आहे. मागे ६ ओहम असे लिहिलेले आहे. ते काही कामाचे आहेत का?

डागकाम

सक्रिय स्पीकर हा वाईट मार्ग नाही, त्यात ॲनालॉग इनपुट असेल आणि ॲपशिवाय तो चालू होत असेल एवढे मात्र पाहून घ्या. तडजोड कुठे आहे ते सांगतो. ॲम्प्लिफायर बंद पेटीत, सततच्या हादऱ्यांत आणि स्वतःच्याच उष्णतेत राहतो. तो गेला की स्पीकरही मुका होतो, कारण आत सूर वेगळे करणारी साधी जोडणी नसते. बाहेरून दुसरा ॲम्प्लिफायर लावून काम भागवता येत नाही. वीजतारही दोन्ही स्पीकरांपर्यंत न्यावी लागते, किंवा एकाच पेटीत दोघांचा ॲम्प्लिफायर असला तर दुसऱ्यापर्यंत तार ओढावीच लागते. वायरींचा हिशेब सरतेशेवटी सारखाच होतो.

जुने स्पीकर मात्र टाकू नका. ६ ओहम म्हणजे आजचा जवळजवळ कुठलाही इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर त्यांना चालवील; तरी त्याच्या पाठीवर किमान किती ओहम चालतात ते वाचा. आधी स्पीकरची जाळी काढून कोनाची कड बोटाने हळूच दाबा. रबर असेल तर निश्चिंत राहा. मग तो खास प्लग कापा आणि तारेची टोके सोला. प्रत्येक स्पीकरला दोनच तारा असतील तर काम सोपे आहे, चार निघाल्या तर थांबा आणि इथे विचारा, कारण मग सूर वेगळे करण्याचे काम जुन्या यंत्रातच होत असावे. तारांवर धन-ऋण खूण नसेल, तर दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टोकांना लावा. मोठा कोन बाहेर सरकला तर सेलच्या धन टोकाला लागलेली तार धन. दोन्ही स्पीकरवर हे करून पाहा.

एकचपेटी

जुने स्पीकर चालले तर ॲम्प्लिफायर घेताना रिमोट एकच लागेल असा घ्या, आणि टीव्ही सुरू झाला की आपोआप जागा होणारा मिळाला तर आणखी बरे. घरातल्यांच्या वतीने एवढेच मागणे.

निवांतश्रोता

काय झाले ते कळवतो. कड रबराची निघाली आणि तारा दोनच. इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर घेतला आहे. प्रत्येक बाजूला ४० वॅट, दोन ऑप्टिकल आणि तीन आरसीए इनपुट, आवाजाला गोल फिरणारे खरे बटण आणि रिमोट एकच. स्ट्रीमर हाताच्या मुठीएवढा आहे आणि ॲम्प्लिफायरच्या मागे दिसेनासा झाला आहे. स्पीकरसाठी राखलेला निम्मा पैसा तूर्त तसाच ठेवला आहे. जुन्या सीडीप्लेअरच्या मागे लागण्याऐवजी दोनशे सीडी संगणकावर उतरवून घेतो आहे. सहासष्ट झाल्या.

पहिल्या संध्याकाळी आवाज विचित्र वाटत होता. खर्ज जवळजवळ नव्हताच आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरत होता. सेलचा प्रयोग मी आळसाने एकाच स्पीकरवर केला होता आणि दुसऱ्याच्या तारा रंगावरून ओळखल्या होत्या. दुसऱ्यावर सेल लावला, तर कोन आत गेला. तारांची अदलाबदल केली आणि खर्ज जागेवर आला.